कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्यातला संवाद: थेट चित्र सुरू होण्याआधी काय घडते

भिंतीवरचा आयपी कॅमेरा आणि ऑफिसातला रेकॉर्डर यांच्यात चित्र दिसू लागण्याआधी पाच-सहा प्रश्नोत्तरे होतात. ती सुरळीत पार पडली तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यातले एखादे अडले की पडद्यावर काळा चौकोन उरतो आणि मग केबल बदल, स्विच बंद-चालू कर, कॅमेराच काढून दुसरा लाव, असे अंदाजपंचे उपाय सुरू होतात. संवाद नेमका कोणत्या वाक्याला तुटला हे ज्याला वाचता येते, त्याला यातले बहुतेक उपाय करावे लागत नाहीत. हा लेख ते वाचायला शिकवण्यासाठी आहे. एक कॅमेरा, एक पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) आणि व्हीएलसी (चित्र दाखवणारा) व वायरशार्क (तारेवरचे संभाषण दाखवणारा) हे दोन मोफत प्रोग्रॅम असलेला लॅपटॉप एवढे साहित्य जवळ असेल, तर प्रत्येक पायरी वाचता वाचता करून पाहावी.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. आपण रेकॉर्डरला किंवा निगराणीच्या सॉफ्टवेअरला सर्व्हर म्हणतो, आणि रोजच्या बोलण्यात ते ठीकही आहे; पण थेट चित्राच्या संवादापुरता सर्व्हर असतो तो कॅमेरा. तो ५५४ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या ठरलेल्या दारावर) कान देऊन बसलेला असतो आणि रेकॉर्डर गिऱ्हाइकासारखा, म्हणजे क्लायंट म्हणून, त्याच्या दारात येऊन मागणी करतो. फायरवॉलमध्ये कोणती दिशा मोकळी ठेवायची, नकार कोणी दिला, नोंद कोणाची पाहायची, हे सगळे या एका गोष्टीवर ठरते.

या संवादाची भाषा म्हणजे रिअल टाइम स्ट्रीमिंग प्रोटोकॉल, अर्थात आरटीएसपी. कोलंबिया विद्यापीठ, नेटस्केप आणि रिअलनेटवर्क्स इथल्या तज्ज्ञांनी लिहिलेले तिचे मानक एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३२६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. ती मुळात इंटरनेटवरून ध्वनी-चित्र ऐकवण्या-दाखवण्यासाठी, दूरच्या यंत्राच्या रिमोटसारखी वापरता यावी म्हणून रचलेली होती; निगराणीच्या कॅमेऱ्यांनी ती नंतर उचलली. डिसेंबर २०१६ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, परंतु ती पहिलीशी जुळणारी नसल्यामुळे बाजारातले कॅमेरे आजही पहिल्याच आवृत्तीत बोलतात. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की आरटीएसपी स्वतः चित्र वाहून नेत नाही. ती फक्त बोलणी करते. चित्र वाहते ते आरटीपी नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलवरून, आणि अनेकदा अगदी वेगळ्या पोर्टवरून. बोलणी झाली म्हणजे चित्र आलेच असे होत नाही, त्याचे कारण हेच.

पायरी पहिली: पत्ता मिळवणे

कॅमेऱ्याच्या प्रवाहाला वेबपानासारखाच पत्ता असतो, फक्त त्याची सुरुवात आरटीएसपी या अक्षरांनी होते. पुढे आयपी क्रमांक, पोर्ट आणि मग कंपनीगणिक बदलणारा मार्ग येतो. हायकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत मार्गाच्या शेवटी १०१ म्हणजे पहिल्या चॅनलचा मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचा प्रवाह) आणि १०२ म्हणजे त्याचाच सब स्ट्रीम (हलका, कमी दर्जाचा प्रवाह). दाहुआमध्ये चॅनलचा क्रमांक वेगळा आणि सबटाइप वेगळा लिहितात. तिथे सबटाइप शून्य म्हणजे मेन, एक म्हणजे सब.

प्रत्येक कंपनीचा मार्ग पाठ करत बसण्याची गरज नाही, कारण ऑनव्हिफ हे सामाईक मानक त्यासाठीच आहे. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ही संस्था स्थापन केली. ऑनव्हिफ वापरणारा रेकॉर्डर आधी २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, ३७०२ पोर्टला, ‘कोण कोण आहे?’ अशी हाक देतो. जे कॅमेरे उत्तर देतात त्यांच्याकडून प्रोफाइलांची, म्हणजे प्रवाहाच्या तयार मांडण्यांची, यादी घेतो आणि हव्या त्या प्रोफाइलचा आरटीएसपी पत्ता मागून घेतो. ही हाक साधारणपणे राउटर ओलांडत नाही. म्हणून कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात) आणि रेकॉर्डर दुसऱ्यात असेल, तर शोधयादी रिकामी दिसते, पण कॅमेरा हाताने आयपी टाकून जोडता येतो.

इथे दोन गोष्टी नवख्याला हमखास अडवतात. पहिली घड्याळाची. ऑनव्हिफच्या विनंतीत पासवर्डाबरोबर वेळही मिसळून त्याचा ठसा (उलट उलगडता न येणारी गणिती खूण) तयार केला जातो, त्यामुळे कॅमेऱ्याचे घड्याळ काही तास किंवा वर्षे मागे असेल, तर पासवर्ड अचूक असूनही कॅमेरा तो नाकारतो. नव्या कॅमेऱ्याला सर्वांत आधी वेळ द्यावी, आणि शक्यतो रेकॉर्डरलाच त्याचा एनटीपी सर्व्हर, म्हणजे वेळ सांगणारा, करावे. दुसरी गोष्ट पासवर्डातल्या चिन्हांची. पत्त्यातच नाव आणि पासवर्ड लिहायचा असेल आणि पासवर्डात @ असेल, तर प्रोग्रॅमला पासवर्ड कुठे संपला आणि आयपी कुठे सुरू झाला हेच कळत नाही. त्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि पुढे चार-शून्य असे लिहावे लागते. कॅमेऱ्यांचे पासवर्ड ठेवताना अक्षरे आणि आकडे वाढवावेत, पण @, # आणि / टाळावेत, असे माझे मत आहे. लांबी वाढवली की सुरक्षितताही राहते आणि डोकेदुखीही वाचते.

पायरी दुसरी: ओळख पटवणे

पत्ता हाती आला की वायरशार्कमध्ये आरटीएसपीची गाळणी लावावी आणि व्हीएलसीच्या ‘मीडिया’ मेनूतून नेटवर्क स्ट्रीम उघडावा. आता पडद्यावर जे उमटते ते साध्या मजकुरातले संभाषण असते. ते रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत दिसते, मी इथे त्याचा उच्चार लिहितो आहे.

पहिली विनंती ‘ऑप्शन्स’: तुला काय काय करता येते? कॅमेरा २०० क्रमांकाचे, म्हणजे होकाराचे उत्तर देतो आणि त्याला समजणाऱ्या आज्ञांची यादी पाठवतो. दुसरी विनंती ‘डिस्क्राइब’: तुझ्याकडच्या प्रवाहाचे वर्णन सांग. यावर बहुतेक कॅमेरे ४०१ म्हणजे ‘अधिकार नाही’ असे उत्तर देतात, आणि इथेच नवखा माणूस घाबरतो. पहिला ४०१ ही चूक नाही. तो शिष्टाचाराचा भाग आहे. त्या उत्तरात कॅमेरा एक ‘रेल्म’, म्हणजे पासवर्ड कशासाठी हवा हे सांगणारे नाव, आणि एक ‘नॉन्स’, म्हणजे त्या वेळेपुरता काढलेला खूणशब्द, पाठवतो. क्लायंट नाव, रेल्म आणि पासवर्ड यांचा एमडी५ ठसा काढतो, आज्ञा आणि पत्ता यांचा दुसरा ठसा काढतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये नॉन्स घालून तिसरा ठसा पाठवतो. कॅमेराही तेच गणित करतो आणि उत्तर जुळले की दार उघडतो. या पद्धतीला डायजेस्ट म्हणतात. तीत पासवर्ड तारेवरून कधीच जात नाही. बेसिक नावाच्या जुन्या पद्धतीत तो फक्त वेगळ्या लिपीत मांडून पाठवला जातो, जो कोणालाही उलगडता येतो, म्हणून कॅमेऱ्यात निवड असेल तर डायजेस्टच ठेवावी.

ठसा पाठवल्यावरही पुन्हा ४०१ आला, तर मात्र पासवर्ड, वापरकर्त्याचे नाव किंवा त्या वापरकर्त्याचे अधिकार तपासावेत. पुन:पुन्हा चुकीचा पासवर्ड मारत राहू नये. अनेक कॅमेरे काही चुकांनंतर त्या आयपीला काही मिनिटे कुलूप लावतात, आणि जुना पासवर्ड साठवलेला रेकॉर्डर दर काही सेकंदांनी दार ठोठावत असेल तर ते कुलूप कधी उघडतच नाही. पासवर्ड बदलायचा असेल तर आधी रेकॉर्डरमधला तो कॅमेरा बंद करावा, मग कॅमेऱ्यात बदल करावा.

पायरी तिसरी: कॅमेऱ्याने दिलेले वर्णन वाचणे

ओळख पटली की डिस्क्राइबच्या उत्तरात एसडीपी नावाचा दहा-वीस ओळींचा मजकूर येतो. तो एकदा तरी ओळीओळीने वाचावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

‘एम’ ने सुरू होणारी ओळ म्हणजे एक ट्रॅक. ‘व्हिडिओ शून्य आरटीपी-एव्हीपी ९६’ याचा अर्थ हा चित्राचा ट्रॅक आहे आणि त्याच्या पाकिटांवर (नेटवर्कवरून जाणाऱ्या तुकड्यांवर) ९६ हा प्रकार-क्रमांक असेल. ९६ ते १२७ हे क्रमांक मोकळे ठेवलेले आहेत, त्यामुळे ९६ म्हणजे काय हे खालच्या ‘आरटीपीमॅप’ ओळीत सांगावे लागते: ‘एच२६४/९००००’. पहिला भाग कोडेक (चित्र आवळण्याची पद्धत), दुसरा घड्याळाचा वेग. चित्राचे घड्याळ सेकंदाला ९०,००० टिक मोजते, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम देणाऱ्या कॅमेऱ्यात एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत वेळेचा आकडा ३,६०० ने वाढतो. वायरशार्कमध्ये दोन फ्रेमांच्या आकड्यांची वजाबाकी करून पाहावी. ३,६०० ऐवजी ६,००० आले, तर कॅमेरा २५ नव्हे, १५ फ्रेम देतो आहे, मग सेटिंगच्या पानावर काहीही लिहिलेले असो.

त्याखाली ‘प्रोफाइल-लेव्हल-आयडी’ असते, उदाहरणार्थ ४डी००२८. हे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेले (हेक्स) आकडे आहेत. ४डी म्हणजे ७७, अर्थात एच.२६४ चा मेन प्रोफाइल. शेवटचे २८ म्हणजे ४०, अर्थात लेव्हल ४.०. सुरुवातीला ६४ असते तेव्हा तो हाय प्रोफाइल. शेजारीच दोन लांबलचक अक्षरमाळा असतात, ज्यांत चित्राची लांबी-रुंदी आणि उलगडण्याची किल्ली असते. कॅमेऱ्यावर एच.२६५ निवडले असेल तर हा सगळा भाग वेगळा दिसतो, आणि ज्या जुन्या रेकॉर्डरला एच.२६५ उलगडता येत नाही तो इथवर येऊन गप्प बसतो. प्रत्येक ट्रॅकच्या शेवटी ‘कंट्रोल’ ओळ असते. त्या ट्रॅकशी पुढे बोलायचा पत्ता तीच सांगते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नवख्यांना वाटते, रेकॉर्डर म्हणतो ‘मला ७२० दे’ आणि कॅमेरा म्हणतो ‘घे’. तसे होत नाही. हे आपल्याकडच्या खाणावळीसारखे आहे: ताटात काय असेल ते मालकाने सकाळीच ठरवलेले असते, गिऱ्हाइकाने मोठे ताट की छोटे, आणि बसून जेवणार की डबा नेणार, एवढेच सांगायचे असते. रिझोल्यूशन, बिटरेट (सेकंदाला किती बिट), कोडेक हे कॅमेऱ्यात आधीच ठरलेले असतात; ते बदलायचे तर कॅमेऱ्याच्या वेबपानावरून किंवा ऑनव्हिफच्या स्वतंत्र आज्ञेने बदलावे लागतात. आरटीएसपीत खऱ्या अर्थाने बोलणी होतात ती पुढच्या पायरीला, वाहतुकीबद्दल.

पायरी चौथी: वाहतूक ठरवणे

‘सेटअप’ ही विनंती प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळी जाते. आवाज नको असेल तर आवाजाच्या ट्रॅकसाठी सेटअप पाठवायचाच नाही. या विनंतीतली ‘ट्रान्सपोर्ट’ ओळ सगळ्यात निर्णायक असते, आणि तीत मुख्यतः दोन पर्याय असतात.

पहिला यूडीपी, म्हणजे पोच न मागता पाकिटे पाठवणे. क्लायंट आपले दोन पोर्ट सांगतो, समजा ५०००० आणि ५०००१. सम पोर्टावर चित्र येते, विषमावर आरटीसीपीचे, म्हणजे प्रवाह कसा पोचतो आहे याचे, अहवाल. कॅमेरा आपले दोन पोर्ट सांगतो आणि होकार देतो. हा मार्ग हलका आहे, उशीर कमी करतो, पण हरवलेले पाकीट परत मिळत नाही. इथरनेटच्या पाकिटात १,५०० बाइट मावतात, म्हणून १०० किलोबाइटची एक की-फ्रेम (संपूर्ण चित्र असलेली फ्रेम) सुमारे ७० तुकड्यांत येते. त्यातला एक हरवला, तरी पुढची की-फ्रेम येईपर्यंत चित्राचा खालचा भाग राखाडी फासल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात गच्चीवरच्या उघड्या आरजे-४५ जोडाला पाणी लागले की कॅमेरा ‘चालू’ असतो पण चित्र असे फाटत राहते, ते यामुळेच.

दुसरा पर्याय म्हणजे ५५४ च्या त्याच टीसीपी (पोच घेऊन पाठवणाऱ्या) जोडणीतून बोलणी आणि चित्र दोन्ही नेणे. याला इंटरलीव्ह म्हणतात. प्रत्येक पाकिटाआधी डॉलरचे चिन्ह, एक बाइट उपवाहिनीचा क्रमांक आणि दोन बाइट लांबी, एवढी चिठ्ठी लावलेली असते. शून्य क्रमांकावर चित्र, एकवर त्याचे अहवाल, दोन-तीनवर आवाज. हरवलेले पाकीट टीसीपी पुन्हा मागून घेते, त्यामुळे नेटवर्क अडखळले तर चित्र थांबते, पण फाटत नाही. रेकॉर्डिंगसाठी मी नेहमी टीसीपीच निवडतो. पुरावा म्हणून पाहायच्या चित्रात अर्धा सेकंद उशीर चालतो. चेहऱ्याच्या जागी राखाडी पट्टा चालत नाही.

यूडीपीचा माझा स्वतःचा धडा असा. एका गृहसंकुलात कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले होते. रेकॉर्डरच्या नोंदीत ऑप्शन्सला २००, डिस्क्राइबला २००, सेटअपला २००, प्लेलाही २००, आणि पडदा काळा. मी अर्धा दिवस केबल बदलण्यात घालवला, कारण लॅपटॉपवरच्या व्हीएलसीत तोच कॅमेरा दिसत होता, फक्त जरा उशिरा. तो ‘जरा उशिरा’ हाच सुगावा होता. व्हीएलसी आधी यूडीपी मागते, दहा सेकंद काहीच आले नाही तर मुकाट्याने टीसीपीकडे वळते, आणि त्याची कबुली फक्त तिच्या संदेशांच्या खिडकीत देते. मधली फायरवॉल ५५४ ला वाट देत होती आणि कॅमेऱ्याकडून येणारे यूडीपी गिळत होती. रेकॉर्डरवर वाहतूक टीसीपी केली आणि चित्र आले. म्हणून चाचणी करताना व्हीएलसीत टीसीपीची सक्ती करून एकदा आणि न करता एकदा, असे दोनदा पाहावे, आणि हातात घड्याळ ठेवावे.

सेटअपला ४६१ आले तर मागितलेली वाहतूक कॅमेऱ्याला मान्य नाही, असा अर्थ. ४०४ आले तर बहुधा क्लायंटने ‘कंट्रोल’ ओळीवरून ट्रॅकचा पत्ता चुकीचा जोडला. ४५३ म्हणजे क्षमता संपली. ५०३ सुद्धा त्याच अर्थाने येताना दिसते. कॅमेरा एका वेळी मोजक्याच जोडण्या सांभाळतो, आणि रेकॉर्डर, वॉचमनच्या केबिनमधला पडदा, दोन मोबाईल आणि कोणीतरी उघडी ठेवलेली व्हीएलसी, असे सगळे थेट त्याच्यावरच बसले की सहावा पाहुणा दारातूनच परत जातो. प्रवाह रेकॉर्डरने एकदाच घ्यावा आणि बाकीच्यांनी रेकॉर्डरकडून घ्यावा.

पायरी पाचवी: प्ले, आणि पहिल्या चित्राची वाट

सेटअपच्या उत्तरात कॅमेरा ‘सेशन’ क्रमांक देतो. तो क्रमांक लावून ‘प्ले’ पाठवले की पाकिटे वाहू लागतात. उत्तरातली ‘आरटीपी-इन्फो’ ओळ पहिल्या पाकिटाचा अनुक्रमांक आणि वेळेचा आकडा सांगते. तरीही चित्र लगेच दिसेलच असे नाही. की-फ्रेम म्हणजे संपूर्ण चित्र, मधल्या फ्रेमा म्हणजे फक्त बदल. आपण मध्येच येऊन बसलो तर पुढची की-फ्रेम येईपर्यंत उलगडायला काही नसते. २५ फ्रेमांच्या वेगाला की-फ्रेमचे अंतर ५० असेल तर जास्तीत जास्त दोन सेकंद थांबावे लागते. साठवण वाचवण्यासाठी काहीजण हे अंतर २०० पर्यंत नेतात आणि मग ‘कॅमेरा हळू उघडतो’ अशी तक्रार करतात. ते आठ सेकंद त्यांनी स्वतःच मागून घेतलेले असतात.

पायरी सहावी: संवाद जिवंत ठेवणे

सेशन क्रमांकाच्या शेजारी बहुधा ‘टाइमआउट’ लिहिलेला असतो. नसेल तर मानकाप्रमाणे ६० सेकंद धरायचे. एवढ्या काळात क्लायंटने ‘गेट पॅरामीटर’ किंवा ‘ऑप्शन्स’ अशी एखादी विनंती पाठवून आपण अजून आहोत हे कळवले नाही, तर कॅमेरा सेशन मोडतो. चित्र बरोबर दर मिनिटाला, घड्याळ लावल्यासारखे तुटत असेल, तर केबलकडे पाहू नये. ही खूण त्या राहून गेलेल्या निरोपाची आहे. त्यानंतर जुन्याच क्रमांकाने काही मागितले की ४५४, म्हणजे ‘असे सेशन नाही’, असे उत्तर येते.

अनियमित वेळाने तुटत असेल तर एक चमत्कारिक कारणही माहीत असावे. वेळेचा आकडा ३२ बिटांचा असतो आणि ९०,००० च्या वेगाने तो सुमारे सव्वा तेरा तासांत भरून पुन्हा शून्यावर येतो. त्याची सुरुवात शून्यापासून नव्हे, कोणत्याही आकड्यापासून होते, त्यामुळे हा पहिला फेरा केव्हा पूर्ण होईल याचा नेम नसतो. चांगला रेकॉर्डर तो सहज पचवतो. घरी लिहिलेली स्क्रिप्ट मात्र त्या क्षणी काळ मागे गेला असे समजून गोंधळते.

काम संपल्यावर क्लायंटने ‘टीअरडाउन’ पाठवून निरोप घ्यायचा असतो. वीज गेल्याने रेकॉर्डर अचानक बंद पडला तर हा निरोप राहून जातो, आणि कॅमेरा जुने सेशन टाइमआउटपर्यंत धरून बसतो. वीज आल्यावर पहिल्या मिनिटात काही कॅमेरे नकार देतात आणि मग आपोआप दिसू लागतात, त्यामागे अनेकदा हेच असते. लगेच उठून स्विच पुन्हा बंद करण्याची गरज नाही.

जोडणी सोपवण्याआधी

हिशेब एकदा कागदावर मांडावा. ४ मेगाबिटचा एक प्रवाह दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट भरतो. १६ कॅमेऱ्यांचे दिवसाला ६९० च्या आसपास होतात आणि तारेवर सतत ६४ मेगाबिट धावतात. १०० मेगाबिटच्या अपलिंकवर (स्विचपासून पुढे जाणाऱ्या मुख्य तारेवर) हे एकदा मावते, तेच प्रवाह पडद्यासाठी दुसऱ्यांदा नेले तर नाही. म्हणून १६ चौकोनांच्या पडद्याला सब स्ट्रीम द्यावा आणि मेन स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी राखावा. बिटरेट बदलता ठेवला असेल तर मोजमाप रात्री करावे, कारण अंधारात चित्रात येणारे कण कोडेकला हालचालीसारखे वाटतात आणि आकडा वर चढतो.

५५४ पोर्ट राउटरवरून बाहेर उघडू नये. डायजेस्टमुळे पासवर्ड झाकला जातो, पण चित्र साध्या आरटीपीत उघडेच वाहते. बाहेरून पाहायचे असेल तर व्हीपीएन (कुलूपबंद खासगी मार्ग) घ्यावा. ब्राउझरला आरटीएसपी समजत नाही, त्यामुळे वेबपानावर चित्र हवे असेल तर मीडियाएमटीएक्स किंवा गोटूआरटीसीसारखा मध्यस्थ बसवून प्रवाह वेबआरटीसीत, म्हणजे ब्राउझरला समजणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो.

शेवटी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वहीत किंवा तक्त्यात एक ओळ ठेवावी: आयपी, मेन आणि सबचा पूर्ण पत्ता, एसडीपीतला कोडेक, ठरवलेली वाहतूक, टाइमआउट आणि की-फ्रेमचे अंतर. वर्षभराने फर्मवेअर अपडेट झाल्यावर एखादा कॅमेरा काळा पडला, तर पुन्हा एकदा डिस्क्राइब करून आलेला मजकूर या ओळीशी ताडून पाहावा. अपडेटने सेटिंग मूळपदावर नेऊन कोडेक एच.२६५ केला असेल, तर तो फरक तिथेच नजरेस पडतो.